लागते तेव्हा आत कोणीतरी असतं

गोव्यातल्या ताळगावहून एका आजींचं चार पानी पत्र आलंय. साडेतीन पानं नातवावर आहेत: तो पहिलीत गेला, त्याला आमटी नको, मॅगी पाहिजे, वगैरे. खरी गोष्ट शेवटच्या अर्ध्या पानात, बारीक अक्षरात. ती थोडक्यात अशी:

‘वय 64. म्हार्दोळजवळचं घर बंद करून दोन वर्षांपूर्वी मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. गावी पोटाची कधी तक्रार नव्हती. इथं चार-चार दिवस साफ होत नाही. झालं तरी खडा, आणि रक्त येईल इतकं कुंथावं लागतं. सकाळी साडेसातच्या सुमाराला लागते, पण लागते तेव्हा आत कोणीतरी असतं. सगळे गेले की मी जाते, तर काही नाही. शेजारणीनं चूर्ण दिलं. पहिल्यांदा एका चमच्यानं व्हायचं, आता तीन चमचे घेते तरी भरवसा नाही. बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्यांसाठी कॅल्शियम, आणि रक्त कमी म्हणून गेले तीन महिने लोहाची गोळी. काय खाऊ ते सांगा. सुनेला हे सांगायची लाज वाटते.’

ताई,

काय खाऊ, असं तुम्ही विचारलंत. खाण्याचं सांगतेच. पण तुमच्या दुखण्याचं अर्धं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, ‘लागते तेव्हा आत कोणीतरी असतं’ या ओळीत. तिच्याकडे येते. त्याआधी एक काम आहे आणि ते याच आठवड्यात करायचं.

‘रक्त येईल इतकं’ म्हणजे रक्त येतं, की येईल असं वाटतं? आणि रक्त कमी आहे हे कळल्यावर ते कशानं कमी झालं, हे कोणी शोधलं का, की गोळी लिहून दिली आणि झालं? साठी उलटलेल्या माणसाची शौचाची सवय बदलते आणि त्याच सुमाराला अंगातलं लोह घटतं, तेव्हा या दोन गोष्टी एकाच डॉक्टरसमोर एकत्र मांडायच्या असतात. पुष्कळदा होतं काय, की गुडघ्यांचा डॉक्टर वेगळा, रक्ताचा वेगळा आणि पोटाचं तर शेजारीण बघते! मोठ्या आतड्यातून थोडंथोडं रक्त जात राहिलं तर ते डोळ्यांना दिसत नाही, रक्ताच्या रिपोर्टात मात्र हिमोग्लोबिन खाली येतं. कारण मूळव्याधीसारखं साधं असू शकतं. आतड्यातली गाठही असू शकते, आणि लवकर सापडली तर तिचा चांगला इलाज होतो. डॉक्टर शौचाची तपासणी, थायरॉइड, साखर बघतील, गरज वाटली तर दुर्बिणीची तपासणी सांगतील. तुम्हाला ताळगावहून बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, काही लांब नाही. घाबरवायला लिहीत नाही. पण हे न सांगता पपईचे गुण सांगत बसले असते, तर ते खोटं वागणं झालं असतं.

लोहाच्या गोळीनं शौचाचा रंग काळपट-हिरवा होतो, त्याला भिऊ नका. डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं झालं, तर ते वेगळं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता सकाळकडे येऊ.

तुमचं गावचं घर मी पाहिलेलं नाही, पण त्या भागातल्या पुष्कळ घरांत माझं जाणं-येणं झालंय. पहाटे उठायचं, चहा टाकायचा, अंगण झाडायचं, तुळशीला पाणी घालायचं, आणि मग कोणाला न विचारता परसाकडे. हा शब्दच बघा. फ्लॅटला परस नसतं, म्हणून शब्द गेला, आणि शब्दाबरोबर ती बिनघाईची पंधरा मिनिटंही गेली. गावी तुमचं पोट चांगलं होतं ते नुसत्या हवा-पाण्यानं नव्हे. लागली की जाता येत होतं.

पोटात काही पडलं, की मोठं आतडं जागं होतं आणि आतला माल पुढे ढकलायला लागतं. हे दिवसभर थोडंथोडं चालतं, पण सगळ्यात जोर असतो तो सकाळी उठल्यावर आणि पहिल्या खाण्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात. तुमच्या घरी सगळे सातला चहा-पाव घेत असतील, म्हणून साडेसातला लागते. यात तुमच्या पोटाचं काहीच चुकत नाही, ते घड्याळासारखं चाललंय. पण साडेसातला मुलाची आंघोळ, मग सुनेची, मग नातवाची रडारड आणि स्कूलबसचा हॉर्न. तुम्ही दाबून धरता. पाच-दहा मिनिटांत ती जाणीव विरते, कारण गुदाशय सैल होऊन मालाला जागा करून देतं. जागा झाली, पण माल तिथंच. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि दुपारपर्यंत त्याचा खडा होतो. हे रोज, दोन वर्षं. मग आतूनच हाक क्षीण होत जाते. वेग अडवू नये असं आपल्याकडची जुनी माणसं आणि वैद्य सांगत आले, ते उगीच नाही.

म्हणून पहिला इलाज घड्याळाचा. दोन वाटा आहेत, तुमच्या घराला बसेल ती धरा. तुम्ही तशाही लवकर उठत असणार, तर तुमचा चहा आणि खाणं पावणेसहाला उरका. नुसता चहा नव्हे, पोटात काहीतरी घट्ट जायला हवं. मग वीस मिनिटं घरात फिरा, देवपूजा करा, आणि सव्वासहाला बाथरूम तुमची. घर तेव्हा झोपलेलं असतं. हे जमत नसेल तर उलटं करा: सकाळी सगळ्यांबरोबर काही घेऊच नका. नातू बसमध्ये चढला, दार लागलं, की मग सव्वाआठला तुमची पेज आणि चहा, आणि पावणेनऊला निवांत आत. बीपीची गोळी उपाशीपोटी चालते का, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते. रिकाम्या घरात दाराबाहेर कोण उभं आहे, ही धास्ती नसते आणि त्या धास्तीनंसुद्धा खालचा स्नायू आवळून बसतो.

लागो न लागो, ठरल्या वेळी दहा मिनिटं बसायचं. नाही झालं तर उठून यायचं, मनाला लावून घ्यायचं नाही. आणि दिवसात मध्येच कधी लागली, तर भाजी चिरत असाल तरी सुरी ठेवायची.

सुनेला काय सांगायचं? लाज वाटते म्हणता, पण ती दोन वर्षं तुमच्याबरोबर एका छताखाली आहे. तुम्ही चार दिवस जेवणावरून उठून जाता हे तिनं पाहिलेलंच असेल. एवढंच म्हणा: ‘अगो, डॉक्टरांनी मला सकाळी सव्वासहाची वेळ बांधून दिलीय, तेव्हा बाथरूम मला लागेल.’ डॉक्टरांचं नाव पुढे केलं की घरात वाद होत नाहीत. मी गेली तीस वर्षं माझं नाव असं वापरू देतेय.

आता बसण्याबद्दल. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण फ्लॅटमध्ये कमोड असणार, आणि तुमची उंची बेताची असेल तर पाय लोंबकळत असतील, नाहीतर नुसत्या टाचा उचललेल्या. उकिडवं बसल्यावर गुदाशयाभोवतीचा एक स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. खुर्चीसारखं बसलं की ती वाट मुडपलेली राहते. पाण्याची नळी मुडपून धरली की पाणी थांबतं, तसं. तुमच्या गुडघ्यांना आता उकिडवं बसवणार नाही, आणि बसूही नका. कमोडसमोर पायाखाली एक बुटकं स्टूल घ्या, पंधरा ते वीस सेंटिमीटर उंचीचं. नारळ खवायला आदोळीवर बसायचात ना, साधारण त्याच अंदाजाचं, चार बोटं इकडेतिकडे. पाय त्यावर पूर्ण टेकवायचे, गुडघे कमरेपेक्षा वर, जरा पुढे वाकून कोपरं मांड्यांवर. कुंथायचं नाही. श्वास रोखून जोर केला की चेहरा लाल होतो, बीपी वर जातं आणि खालचं दार उलट आवळतं. तोंडानं हळू श्वास सोडा, गरम चहावर फुंकर घालतो तसा, आणि पोट आत न ओढता पुढे येऊ द्या. पहिल्या दिवशी विचित्र वाटेल, चार दिवसांत जमेल.

मोबाइल आत न्यायचा नाही. तुम्ही नेत नसाल, पण हे सदर तुमचा मुलगाही वाचत असेल.

औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथं घोळ आहे.

कॅल्शियम आणि लोह या दोन्ही गोळ्या पोट बांधतात. म्हणजे एका हातानं तुम्ही पोट बांधताय आणि दुसऱ्या हातानं चूर्णाचे चमचे घेऊन सोडताय! स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना विचारा की कॅल्शियम दुसऱ्या प्रकारचं देता येईल का, आणि लोहाची मात्रा किंवा प्रकार बदलता येईल का. बीपीच्या काही गोळ्याही पोट बांधतात, तेव्हा गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सगळीच घेऊन जा. नावं तोंडपाठ सांगण्यापेक्षा ते बरं.

शेजारणीच्या चूर्णाचा डबा उजेडात धरून मागचं बारीक अक्षर वाचा, किंवा नातवाकडून वाचून घ्या. बहुतेक त्यात सोनामुखी असेल. सोनामुखी आतड्याला चिमटा काढून हलवते. अधूनमधून, थोड्या दिवसांसाठी ती वाईट नाही, आणि आतडी कायमची निकामी करते असं पूर्वी जे म्हणत, त्याला आता फारसा आधार उरलेला नाही. पण तुमच्यासारखं रोज तीन चमचे, आणि वर बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल, तर अंगातलं पोटॅशियम घसरतं. पाय गळतात, छातीत धडधडतं. चूर्णाला कोणी औषध समजत नाही म्हणून डॉक्टरांना सांगतही नाही. तुम्ही सांगा. एकदम सोडू नका, तीनाचे अडीच, चार-पाच दिवसांनी दोन, असं उतरवत आणा. मधल्या काळाला आधार म्हणून डॉक्टर पाणी धरून ठेवणारं औषध देऊ शकतात, लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. ही आतड्याला चिमटा काढत नाहीत, मालात पाणी राखून तो मऊ ठेवतात. म्हातारपणी हीच जास्त सोयीची. दुकानातून आणलेलं दुधासारखं पांढरं घट्ट औषध मात्र मनानं घेऊ नका. त्यातला मॅग्नेशियमचा क्षार मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना बाधतो, आणि त्यात पॅराफिनचं तेल असेल तर आडवं पडून घेताना ते श्वासनळीत जायची भीती असते. एरंडेल? आपण लहान असताना नाक दाबून पाजायचे ते? नको. ते तिथंच राहू द्या.

इसबगोल चांगलं, पण नीट घेतलं तर. आत खडा अडकलेला असताना इसबगोल घेणं म्हणजे बंद पडलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडणं. आधी डॉक्टरांच्या औषधानं वाट मोकळी होऊ द्या, मग एक चहाचा चमचा, एक मोठा पेला पाण्यात ढवळून, लगेच प्यायचा. वर अर्धा पेला आणखी. ठेवून दिलं की त्याची खळ होते, आणि कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर घशातसुद्धा अडकतं. झोपायला आडवं होताना घेऊ नका, संध्याकाळी सातला घ्या. बाकीच्या गोळ्यांत आणि त्यात दोन तासांचं अंतर. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा पहिल्याच सकाळी त्याला नावं ठेवू नका. आठवड्यानं दोन चमचे करायला हरकत नाही.

आता खाणं, एकदाचं.

गावी तुमच्या न्याहारीला उकड्या तांदळाची पेज असणार, इथं पाव आहे. पाव मैद्याचा. 100 ग्रॅम मैद्यात चोथा (फायबर) जेमतेम 3 ग्रॅम, तेवढ्याच गव्हाच्या कणकेत 11 च्या आसपास, नाचण्यातही तेवढाच. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. सकाळी पाव, दुपारी शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), तळलेला बांगडा आणि सोलकढी, रात्री परत तेच, असा दिवस गेला तर त्यात चोथा जवळजवळ नाहीच. मासळीत चोथा शून्य असतो. म्हणून मासळी सोडा असं कोणा गोंयकाराला सांगायची माझी छाती नाही. बाजूला काय येतं ते बघा.

बाजूला तांबडी भाजी येऊ दे, रोज, वाटीभर. कोवळे देठ टाकू नका. आळसांद्याचं (मोठ्या चवळीचं) किंवा चण्याचं तोणाक, म्हणजे रसदार उसळ, आठवड्यातून तीनदा, कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन शिजवलेलं, म्हणजे गॅस कमी. चतुर्थीला खतखतं करतो ना, तसं पाच-सहा भाज्यांचं काहीतरी एरवीही करायला कोणी बंदी केलेली नाही. न्याहारीला पेज परत आणा, नाहीतर नाचण्याची तिजन, म्हणजे खीर. गुळाची करता तशीच, साखरेचा त्रास असेल तर ताक-मिठाची. पाव हवाच असेल तर पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोई घ्या, कोंड्याच्या पिठाचा चपटा पाव. पण आजकाल पुष्कळ ठिकाणी पोई म्हणजे मैद्याचाच पाव, वरून कोंडा भुरभुरवलेला. हातात घेऊन बघा, फोडल्यावर आतून पांढरीशुभ्र आणि कापसासारखी निघाली तर तिच्यात आणि पावात फरक फक्त आकाराचा. पोदेराला सरळ विचारा, तो खोटं बोलत नाही, फार तर हसतो.

फळांत पेरू पहिला, बियांसकट, सालीसकट. पपई चांगली. रात्री आठ-दहा काळ्या मनुका भिजत घालून सकाळी पाण्यासकट खाल्ल्या तर अनेकांना गुण येतो, त्यांतली साखर आतड्यात पाणी ओढते. हे सगळं एकाच सोमवारी सुरू करू नका. पोट ढोलासारखं होईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. एका आठवड्याला एक बदल पुरे.

पाणी: रात्री उठावं लागतं म्हणून तुम्ही दिवसभर पाणी चुकवत असाल, अशी मला शंका आहे. तुमच्या वयाच्या बहुतेक बायका हेच करतात. दिवसाचे सहा-सात पेले करा, पण इसबगोलबरोबरचं पाणी सोडून बाकी सगळे सूर्यास्ताच्या आत. म्हणजे रात्रीची फेरी वाढणार नाही. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि बादलीभर पाणी पिऊन बद्धकोष्ठ जातं हा गैरसमज आहे, पाण्याला धरायला चोथा लागतो. सकाळच्या कोमट पाण्यात लिंबू पिळा किंवा पिळू नका, फरक पडतो तो पोटात गरम काहीतरी गेल्याचा.

नातवाला बसमध्ये बसवून तुम्ही लिफ्टनं सरळ वर येत असाल. तसं न करता वीस मिनिटं आवारात फिरून या. दुसऱ्या वाटेनं जाणार असाल तर पेजेनंतर फिरा.

एक खूण लक्षात ठेवा, ही फसवते: चार-पाच दिवस काही नाही आणि मग अचानक पातळ, कपड्याला लागेल असं थोडंथोडं. लोक जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी घेतात. खरं तर आत मोठा खडा बसलेला असतो आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपतं. तेव्हा घरचा इलाज नाही, डॉक्टरांनाच दाखवायचं. पोट फुगून घट्ट झालं, वाराही सरत नाही आणि उलट्या सुरू झाल्या, तर 108 ला फोन करायचा, सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. विनाकारण वजन उतरायला लागलं, किंवा तुमच्या आई-वडिलांत, भावंडांत कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

रोज झालंच पाहिजे असा मात्र हट्ट नको. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात कुठेही, मऊ आणि बिनकुंथता होत असेल तर ते ठीक आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहिता तसं, झालं त्या दिवशी एक टिंब करा. सुनेला वाटेल दुधाचं आहे. चार आठवड्यांची टिंबं मोजून मला पत्र टाका, या वेळी नातवावर अर्धं पान चालेल.

आणि ते स्टूल. बसल्यावर पायानं जवळ ओढायचं, उठायच्या आधी बाजूला सारायचं, नाहीतर अडखळून पडाल. खाली रबर लावलेलं बघा. आणि पांढरं घेऊ नका, पांढऱ्या फरशीवर रात्री दिसत नाही. लाल मिळालं तर लाल.